ईव्ही की हायब्रिड? आधी सांगा, गाडी रात्री कुठे उभी राहणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला सोसायटीत फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, आयुष्यातली पहिलीच गाडी. रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटरच्या आसपास. महिन्या-दीड महिन्यातून एकदा गुहागर तालुक्यातल्या घरी, आई-वडिलांकडे. ऑन-रोड अठरा-वीस लाखांपर्यंत तयारी आहे. एका शोरूममध्ये सांगितलं, "ईव्ही घ्या, पेट्रोल पंप विसरा." दुसऱ्या शोरूममध्ये सांगितलं, "ईव्हीची बॅटरी पाच वर्षांत जाते, हायब्रिडच घ्या." तिसरीकडे दाखवलेली गाडी पेट्रोलचीच होती, पण तिच्याही पाठीवर हायब्रिड लिहिलेलं. यातलं खरं काय आणि घ्यायचं काय?

मी वाहनदुरुस्तीच्या धंद्यात आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये पेट्रोल-डिझेलच्या जोडीने आता हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्याही येतात, आणि गाडी घेण्याआधी सल्ला विचारायला येणारेही बरेच असतात. मी त्यांना गाडीचं नाव विचारण्याआधी एकच विचारतो: रात्री गाडी कुठे उभी राहणार, आणि तिथे तुमच्या स्वतःच्या मीटरची वीज पोहोचू शकते का? निम्म्याहून जास्त निर्णय या उत्तरातच होतो. बाकीचा निर्णय तुमचे किलोमीटर ठरवतात. कोणती गाडी चांगली हा प्रश्न त्यानंतर येतो, कारण तुमच्या बजेटमधल्या ईव्ही आणि स्ट्राँग हायब्रिड दोन्ही चांगल्या आहेत. फक्त त्या वेगवेगळ्या घरांसाठी चांगल्या आहेत.

आधी तिसऱ्या शोरूमचा गोंधळ दूर करू. आपल्याकडे हायब्रिड या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या गाड्या विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. मारुतीच्या एर्टिगात, ब्रेझात जी 'स्मार्ट हायब्रिड' यंत्रणा येते ती ही. इंजिन पेट्रोलचंच. त्याला एक मोठासा स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने जोडलेला असतो. तो सिग्नलला बंद झालेलं इंजिन झटकन सुरू करतो, उचल घेताना थोडा हातभार लावतो, ब्रेक मारताना थोडी वीज साठवतो. नुसत्या विजेवर ही गाडी जागची हलत नाही. यंत्रणा वाईट अजिबात नाही, थोडं पेट्रोल वाचतंही. पण तिला पेट्रोल गाडी समजूनच घ्या आणि तिची किंमतही पेट्रोल गाड्यांशीच ताडून पाहा.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड: टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा, होंडा सिटीची ई-एचईव्ही, मोठ्यांमध्ये इनोव्हा हायक्रॉस. हिच्यात चाकं फिरवण्याइतकी ताकदीची मोटर असते. हायरायडर किंवा ग्रँड व्हिटारात दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि मोटर एका ग्रहमालेसारख्या गिअरच्या संचाने जोडलेली आहेत आणि कोणी किती जोर लावायचा हे गाडीचा संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. सिटीत रचना वेगळी आहे. शहरात बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते आणि इंजिन वीज तयार करतं. हायवेच्या वेगाला इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं. दोन्हींमध्ये बाहेरून चार्जिंग करायची सोयच नाही आणि गरजही नाही. ब्रेक आणि इंजिन यांच्यावर बॅटरी भरत राहते. ही बॅटरी किती लहान असते ते लक्षात ठेवा: हायरायडरची पाऊण युनिटाच्या आसपास (युनिट म्हणजे वीजबिलावरचंच, एक किलोवॅट-तास). ४५ युनिटांच्या टाटा नेक्सॉन ईव्हीपुढे हा साठावा हिस्सा झाला. म्हणून "हायब्रिड अर्धी विजेवर चालते" असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच, की निम्मा वेळ इंजिन बंद असतं. लागणारी सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येते.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्जही होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी गाडी, आपल्याकडे फार महागड्या वर्गात आहे. तुमच्यापुरती ती बाजूला ठेवतो.

आता पार्किंग. हे मी सविस्तर लिहितोय, कारण गाडी घेतल्यानंतर सर्वात जास्त मनस्ताप इथेच होताना पाहतो.

तुमचं रोजचं धावणं चाळीस किलोमीटर. त्याला मीटरवर साडेसहा-सात युनिटं लागतील. गाडीबरोबर मिळणारा छोटा चार्जर साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला तर तासाला तीन युनिटांच्या आसपास देतो. म्हणजे रोजचं चार्जिंग दोन-अडीच तासांत होतं. पूर्ण रिकामी ४५ युनिटांची बॅटरी या सॉकेटवर भरायला चौदा-पंधरा तास लागतात हे खरं, पण रोज रात्री बॅटरी शून्यावर आणून ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणून ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवाच असं नाही. तो बसला तर सोय आहे, पण त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवावा लागू शकतो. तुमच्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, आजच बघून ठेवा.

सॉकेट मात्र खरोखर चांगला लागतो. गीझर वीस मिनिटं चालतो, मिक्सर दोन मिनिटं. गाडी तोच जोर सलग काही तास ओढते. सैल सॉकेट, पातळ वायर, मध्येच मारलेला जोड, यांतलं काहीही असलं की तिथे उष्णता साठते आणि प्लग वितळायला लागतो. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची केबल, तुमच्याच मीटरवरून, स्वतःच्या एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबीसह (विजेची गळती झाली की तोडणारा) ओढून घ्या. केबल चार चौरस मिलिमीटरची की सहाची की त्याहून जाड, ते अंतरावर ठरतं. उद्या मोठा चार्जर बसवायचा विचार असेल तर आजच एक माप वरची टाका, कारण पाइप परत उघडण्याची मजुरी केबलच्या फरकापेक्षा जड जाते. एक्सटेन्शन बोर्ड एका रात्रीसाठीही नको.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतींमध्ये तिसऱ्या पिनला वायर असते, पण ती वायर जमिनीपर्यंत पोहोचलेली असतेच असं नाही. घरातला फ्रिज याबद्दल तक्रार करत नाही, गाडी करते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. मग "चार्जर खराब निघाला" म्हणून गाडी आमच्याकडे येते, इथे लावली की व्यवस्थित चार्ज होते, आणि दोष इमारतीत सापडतो. चांगला वायरमन अर्ध्या तासात हे मोजून देतो. गाडी बुक करायच्या आधी मोजून घ्या.

सोसायटीचं काय? कमिटीला भीती वाटते ती तीन गोष्टींची: सामायिक विजेचं बिल वाढेल, ट्रान्सफॉर्मरवर भार येईल, आग लागेल. तोंडी बोलून या भीती जात नाहीत. लेखी अर्ज करा. सोबत वायरमनने काढलेला केबलचा मार्ग, भाराचा हिशेब, आणि वीज स्वतःच्या मीटरवरून घेणार असल्याचं स्पष्ट लिहा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ईव्ही चार्जिंगच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरच्या सध्याच्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा दिलेली आहे, त्या सूचनांची प्रत जोडा. बऱ्याच कमिट्या कागद समोर आले की तयार होतात. पण काही होत नाहीत, आणि काही इमारतींत तुमचं पार्किंग मीटर रूमच्या दुसऱ्या टोकाला असतं किंवा ठरलेली जागाच नसते. अशा वेळी मी सरळ सांगतो, ईव्ही नका घेऊ. नुसत्या सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजची गाडी चालवणारे लोक आहेत, ऑफिसात चार्जिंग असेल तर जमतंही. पण पहिल्याच गाडीवाल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या घराने तो ताप घेऊ नये.

आता गुहागर. वाकडहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर, असं धरलं तर एका बाजूचं अंतर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होतं.

इथे कंपनीच्या आकड्यांकडे नीट पाहायला हवं. जाहिरातीतली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी धावते ते अंतर, ठरावीक चाचणीतली असते. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत गाडी रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगांनी चालवतात. दोन गाड्यांची तुलना करायला ती चाचणी उपयोगी आहे, पण तुमच्या प्रवासाचा अंदाज बांधायला ती नाही. उदाहरण घ्या: ४५ युनिटांच्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर, आणि टाटा कंपनी स्वतःच प्रत्यक्ष वापरातली म्हणून ३५० ते ३७० सांगते. हायवेला ताशी नव्वद-शंभरने, चार माणसं, सामान आणि एसी लावून मी तीनशेच्या आतच धरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शहरात छान दिसणारी रेंज हायवेवर झरझर उतरते. पेट्रोल गाडीच्या नेमकं उलटं. नव्या माणसाला हे पहिल्या लांबच्या प्रवासात समजतं आणि तो घाबरतो. तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

घाटाचं गणित सोपं आहे. माणसांसकट अठराशे किलोची गाडी चिपळूणहून कुंभार्लीच्या माथ्यावर सहाशे मीटरच्या आसपास वर चढवायला फक्त उंचीपोटी तीन-साडेतीन युनिटं लागतात. सपाटीवरच्या वीसेक किलोमीटरांची वीज झाली ती. म्हणजे घाटात रेंजचा आकडा भराभर खाली येताना दिसला तरी नुकसान मर्यादित आहे आणि आधी मोजता येतं. उतरताना त्यातला बराचसा भाग मोटर जनरेटर बनून परत देते, ज्याला सगळे रीजन म्हणतात. ब्रेकही तापत नाहीत. कुंभार्लीसारख्या घाटात हा मोठाच फायदा आहे. एक बारकावा सांगतो: बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रीजनला वीज ठेवायला जागाच नसते आणि गाडी नेहमीसारखी आवरत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला मुक्काम करून सकाळी उतरणाऱ्यांनी रात्री शंभर टक्के भरू नये, ऐंशी-नव्वदवर थांबावं.

तर तुमच्या प्रवासात मोठ्या बॅटरीच्या गाडीला वाटेत एक थांबा लागेल, लहान बॅटरीच्या गाडीला दोन. सातारा-उंब्रजच्या पट्ट्यात हायवेलगतच्या हॉटेलांच्या आवारात वेगवान डीसी चार्जर आहेत. चहा-नाश्ता करेपर्यंत ३०-४० मिनिटांत पुरेशी वीज भरते. दहा ते ऐंशी टक्के वेगाने भरतं, ऐंशीनंतर गाडी स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळत बसू नका. उंब्रज सोडून आत वळल्यावर चार्जर विरळ होतात, म्हणून हायवे सोडण्याआधी भरा. शिवाय एकाच चार्जरवर विसंबू नका. पुढच्या वीस-तीस किलोमीटरवर दुसरा पर्याय मोबाइलवर शोधून ठेवा. एरवी हे जमतं. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र कोकणाकडे जाणाऱ्या प्रत्येक चार्जरवर रांग असते. तेव्हा रात्री लवकर निघणं किंवा एक दिवस आधी जाणं एवढाच उपाय.

स्ट्राँग हायब्रिडला यातलं काहीच करावं लागत नाही. टाकी भरा आणि निघा. हा तिचा मोठा गुण आहे आणि तो मी कमी लेखत नाही. ज्याची धावपळ आज सोलापूर, उद्या नाशिक, परवा लातूर अशी आहे, त्याला मी हायब्रिडच सुचवतो. तिची खरी कमाल मात्र शहराच्या रहदारीत दिसते, जिथे वारंवार थांबल्यामुळे इंजिन बंद राहतं. सलग हायवेला इंजिन चालूच असतं आणि साध्या पेट्रोलपेक्षा फायदा कमी होतो. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, हलक्या पायाने चालवणारे काही ग्राहक तेवीस-चोवीस काढतात, पण हिशेबासाठी मी वीस-एकवीस धरतो.

एक गोष्ट शोरूममध्ये सहसा सांगितली जात नाही, आणि कोकणवाल्यांसाठी ती महत्त्वाची आहे. या गाड्यांची बॅटरी मागच्या बाजूला असल्यामुळे डिकी लहान होते. स्ट्राँग हायब्रिड ग्रँड व्हिटाराची आणि सिटीची डिकी त्यांच्याच साध्या पेट्रोल भावंडांपेक्षा ठळकपणे लहान आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि परतताना तांदूळ-नारळ आणायचे असतील तर डिकी उघडून, त्यात बॅग ठेवून बघा. स्टेपनी आहे का, की नुसतं पंक्चर किट आहे, हेही तिथेच विचारा. बऱ्याच ईव्हींमध्येही स्टेपनी नसते.

पैशांकडे येऊ. तुमचं महिन्याचं धावणं गावासकट पंधराशे किलोमीटर धरतो, वर्षाला अठरा हजार. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरतो. साधी पेट्रोल एसयूव्ही लिटरला चौदाने धावली तर किलोमीटरला सात-साडेसात रुपये. स्ट्राँग हायब्रिड पाच रुपये. ईव्ही मीटरच्या एका युनिटावर, चार्जिंगमधली गळती धरून, सहा किलोमीटर देते. घरची वीज युनिटला बारा रुपयांनी पडली तर दोन रुपये. वेगवान सार्वजनिक चार्जरवर वीस-बावीस रुपये दराने साडेतीन रुपयांपर्यंत. वर्षाचा हिशेब पेट्रोलला सव्वा लाख ते एक लाख तेहतीस हजार, हायब्रिडला नव्वद हजार, ईव्हीला घरचं आणि वाटेतलं चार्जिंग मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

यात 'बारा रुपये' हा आकडा मी सहज धरला, पण तोच तपासायला हवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: शंभर युनिटं, तीनशे, पाचशे. तुमचं घर आज महिन्याला दीडशे-दोनशे युनिटं वापरत असेल आणि त्यात गाडीची १८०-१९० आली, तर वरची युनिटं तीनशेच्या पुढच्या महाग टप्प्यात जातात आणि दर पंधरा-सोळा रुपयांच्याही वर जातो. तरीही ईव्ही स्वस्तच राहते, फक्त शोरूमवाले सांगतात त्या 'किलोमीटरला एक रुपया'एवढी नाही. महावितरणच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. स्वतंत्र मीटर घेतल्यास तुम्हाला तो दर कसा बसेल हे उपविभागीय कार्यालयात विचारा. गावी स्वतःचं छप्पर असेल आणि सौरऊर्जेचा विचार चालू असेल, तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यापुढच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पण तो आई-वडिलांच्या वीजबिलासाठी घ्या. महिन्यातून एकदा येणाऱ्या गाडीसाठी नको.

करांचा फरक बराच आहे. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या दरांत चार मीटरपेक्षा लांब किंवा १२०० सीसीपेक्षा मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या हायब्रिडला ४० टक्के, आणि तुमच्या यादीतल्या सगळ्या स्ट्राँग हायब्रिड त्यातच येतात. त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहनकर, तर ईव्हीला तो माफ. म्हणून एक्स-शोरूम किमती शेजारी ठेवून तुलना करू नका, ऑन-रोडच विचारा. सतरा लाखांच्या हायब्रिडवर नुसता वाहनकरच दोन लाखांच्या घरात जातो. ऑगस्ट २०२५ पासून राज्याने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली. तुमच्या वाटेवरचे खेड-शिवापूर आणि आनेवाडीचे टोल राष्ट्रीय महामार्गाचे, ते भरावेच लागतील. आणि कोणी अजून 'कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत' सांगत असेल तर लक्ष देऊ नका. ८० ईईबी कलमाची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती.

इथवरचं एकत्र करतो. घराखाली स्वतःच्या मीटरची, चांगल्या अर्थिंगची जोडणी मिळत असेल आणि महिन्याचं बहुतेक धावणं शहरात असेल, तर ईव्ही रोजच्या खर्चात हायब्रिडला निम्म्याने मागे टाकते. जोडणी मिळत नसेल तर स्ट्राँग हायब्रिड. आणि महिन्याचं धावणं चारशे-पाचशे किलोमीटरच असेल तर यांतलं काहीच नको, साधी पेट्रोल घ्या. वाचणाऱ्या इंधनातून किमतीतला फरक कधीच वसूल होत नाही. हे तिसरं उत्तर ऐकून लोक नाराज होतात, पण हिशेब तसाच निघतो.

आता 'बॅटरी पाच वर्षांत जाते' याबद्दल. पहिली नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांनी पाच वर्षं केव्हाच ओलांडली, आणि त्या रस्त्यावर धावताना तुम्हाला रोज दिसतील. बॅटरी मोबाइलसारखी अचानक मान टाकत नाही, तिची साठवण हळूहळू कमी होते. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीलाही तेवढीच आहे. काही ईव्हींना तर पहिल्या मालकासाठी आजीवन वॉरंटी मिळते. पण वॉरंटीचा कागद वाचा. साठवण किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देणार, गाडी विकली तर नव्या मालकाला काय मिळणार, वर्षाची सर्व्हिस चुकली तर काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा. कमी किमतीत गाडी आणि बॅटरी भाड्याने अशी योजना घेणार असाल, तर किमान किलोमीटरची अट आहे का आणि भाडं किती वर्षं चालणार, हेही त्यात आलं.

बॅटरीला त्रास देतात त्या दोन गोष्टी: उष्णता, आणि भरलेल्या किंवा पार रिकाम्या अवस्थेत दिवसेंदिवस उभं राहणं. सावलीत लावा. रोजचं चार्जिंग घरच्या संथ चार्जरवर करा, वेगवान चार्जर प्रवासासाठी ठेवा. बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबा. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) असेल तर मधूनमधून शंभर टक्के भरावी लागते, नाहीतर गाडीला शिल्लक नीट मोजता येत नाही. तुमची कोणती ते मालकाच्या पुस्तिकेत असतं. हायब्रिडच्या बॅटरीला हवा घेण्यासाठी सीटच्या खाली किंवा बाजूला जाळी असते. तिच्यावर बॅगा, चादरी टाकू नका आणि सर्व्हिसला तिची सफाई करून घ्या. आमच्याकडे त्या जाळीतून कुत्र्याचे केस, भुईमुगाची फोलपटं असं सगळं निघतं, आणि गुदमरलेली बॅटरी तापून लवकर म्हातारी होते.

देखभालीत ईव्हीला इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट नाहीत. कूलंट, ब्रेक ऑइल आणि टायर आहेत, आणि वजन व उचल जास्त असल्याने टायर लवकर झिजतात. ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे कोकणच्या दमट हवेत ब्रेक पॅड दाबणारे कॅलिपर अडकण्याची शक्यता असते. पावसाळ्यानंतर साफ करून घ्या. आणि हो, दोन्ही गाड्यांत साधी बारा व्होल्टची बॅटरी असतेच. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी बसली तर गाडी जागीच राहते. 'ईव्ही बंद पडली' म्हणून येणाऱ्या फोनांमागे बऱ्याचदा हीच असते.

आत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात, त्यांत तीनशे-चारशे व्होल्ट असतात. त्यांना हात लावायचा तो फक्त प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने. बाहेरून लाइट, हॉर्न, कॅमेरा बसवताना वायर कापू देऊ नका. वॉरंटीही जाते आणि धोकाही होतो. गाडी ओढायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. चाकं जमिनीवर फिरली तर मोटर वीज तयार करायला लागते. पाण्याचं म्हणाल तर बऱ्याच बॅटऱ्या आयपी६७ प्रमाणित असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतात. म्हणून कोणी मुद्दाम पुरात गाडी घालू नये. पाण्यात राहिलेली गाडी सुरू न करता, चार्जिंगला न लावता वर्कशॉपला आणा. झीरो डेप्रिसिएशनचा, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा घ्या आणि त्यात बॅटरीला पाण्यामुळे झालेलं नुकसान येतं का, हे लेखी घ्या.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. दोघंही रोज शहरात जाताय, सोसायटीत ठरलेलं पार्किंग असेल, तर ४० युनिटांच्या वरची बॅटरी असलेली ईव्ही घ्या. गुहागरच्या वाटेवरचा एक थांबा त्यासाठी सोसण्यासारखा आहे. कमिटी अडली तर स्ट्राँग हायब्रिड घ्या आणि मनात रुखरुख ठेवू नका, त्या उत्तम गाड्या आहेत. माइल्ड हायब्रिड केवळ नावासाठी घेऊ नका.

क्रम मात्र असा ठेवा: आधी वायरमनला पार्किंग दाखवा, मग कमिटीला अर्ज द्या, होकार लेखी आला की मगच बुकिंगचे पैसे भरा. चाचणीसाठी मागच्या सीटवर दोन माणसं बसवून गाडी न्या, सोसायटीच्या गेटजवळच्या उंच गतिरोधकावरून काढून पाहा. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. चार्जिंगचं तोंड तुमच्या पार्किंगच्या भिंतीच्या बाजूला येतं का, तेही बघा.

आणि गावच्या घरी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत सॉकेटवरचं व्होल्टेज मोजायला सांगा. १९०च्या खाली जात असेल तर चार्जर अडखळेल. मग रात्री अकरानंतर चार्जिंग लावायचं. अर्थिंगचा खड्डा नसेल तर गाडी यायच्या आधी तो करून घ्या. आई-वडिलांच्या घरातल्या माणसांसाठीही तो हवाच आहे.